लिफ्ट किट बसवणारी गॅरेजं आणि ऑफ-रोड क्लबांना खुले पत्र: उंची विकताय, तर कोनही मोजून द्या

लिफ्ट किट विकणारे, बसवणारे सर्व गॅरेजमालक, फिटर मंडळी आणि ऑफ-रोड क्लबांचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मे संपत आला की गॅरेजच्या दारात ऑफ-रोडच्या गाड्या लागायला सुरुवात होते. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, एखादी एमएम ५४०. ग्राहकाचं मागणं एकच असतं, ‘दोन इंच उचलून द्या,’ म्हणजे उंच स्प्रिंग किंवा ठोकळ्यांचं लिफ्ट किट बसवून चासी वर घ्या. संध्याकाळपर्यंत काम होतं, गाडी रुबाबदार दिसते, हिशेब चुकता होतो. महिन्याभरात तीच गाडी वेगळ्या तक्रारी घेऊन फिरू लागते. हायवेवर स्टिअरिंग तरंगतं, सत्तरच्या वेगाला तळातून भणभण येते, पुढच्या टायरची एक कड खाल्ली जाते, खड्ड्यातून चाक सुटलं की ठक आवाज येतो. अलाइनमेंट होतं, बॅलन्सिंग होतं, कधी नवे टायरही येतात. तक्रार जात नाही, कारण ती टायरमध्ये नसतेच. लिफ्ट बसवताना जे कोन मोजले नाहीत, त्यांत ती असते.

आमची तुमच्याकडे मागणी एकच आहे. प्रत्येक लिफ्टसोबत ग्राहकाला मोजमापाचा एक कागद द्या. त्यावर कामाआधीचे आकडे, कामानंतरचे आकडे आणि ५०० किलोमीटर चालल्यावरचे आकडे असावेत. त्या कागदावर काय हवं आणि का हवं, ते खाली लिहीत आहोत.

सुरुवात ग्राहकाला विचारण्यापासून करावी लागेल: गाडी नेमकी कुठे टेकते? पुढचा बंपर चढाला लागत असेल किंवा मधलं पोट उंचवट्यावर अडकत असेल, तर लिफ्टने फरक पडतो. पण दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) असलेल्या गाडीत डिफचा, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, गोळा दगडाला लागत असेल, तर लिफ्टने तो एक मिलिमीटरही वर येत नाही. ॲक्सल टायरवर उभा आहे. स्प्रिंग बदलल्याने चासी वर जाते, ॲक्सल नाही. डिफ वर न्यायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर. टायरचा व्यास ५० मिमीने वाढला तर डिफखाली २५ मिमी जागा मिळते. ही साधी गोष्ट काउंटरवरच सांगितली, तर कित्येक लिफ्ट बसवण्याची वेळच येणार नाही. आमच्या मते, ग्राहकाला असं सांगणारं गॅरेज त्याला कायमचं जोडून घेतं.

आता मोजमाप. जमीन ते मडगार्ड असं मोजू नका, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत मोजा. फरशी सपाट हवी, हवा कंपनीने सांगितलेली हवी, टाकीत किती इंधन आहे ते लिहून ठेवा. मोजण्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे करा आणि बंपरवर दाब देऊन सोडा, म्हणजे जॅकवरून उतरलेली स्प्रिंग आपल्या जागी बसते. त्यानंतर डिजिटल अँगल गेजने तीन कोन घ्या: ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, तिथून ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि डिफच्या पिनियनची (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गिअरची) फ्लँज. पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळा मोजा. अलाइनमेंटच्या मशीनवरून कॅस्टर (बाजूने बघता, चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल), कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि टो (वरून बघता चाकांची आत-बाहेर दिशा) यांची छापील प्रत घ्या. लिफ्टच्या आधीची ही प्रत नसेल, तर नंतर काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) लागणार असेल, तर ते आधी बसवा आणि मग स्प्रिंग निवडा. किटच्या खोक्यावरचे ५० मिमी हे मूळ वजनाच्या गाडीचे असतात.

जिम्नीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात चूक लवकर दिसते. पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल, कॉइल स्प्रिंग, ॲक्सलला चासीशी जोडणारे दोन लांब आर्म आणि एक आडवी पॅनहार्ड रॉड, अशी तिची रचना आहे. आर्म ॲक्सलला दोन-दोन बुशनी (सांध्यातल्या रबरी नळ्यांनी) घट्ट धरलेला असतो, म्हणून आर्म जितका झुकतो तितकाच ॲक्सल गोल फिरतो. पुढे आर्मचं चासीकडचं टोक ॲक्सलच्या मागे आहे. चासी वर गेली की ते टोक वर जातं आणि ॲक्सलचा माथा पुढे झुकतो. म्हणजे कॅस्टर कमी. किती कमी, याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. आर्मची लांबी बुशच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. समजा ती ७०० मिमी भरली आणि गाडी ५० मिमी उचलली, तर ॲक्सल सुमारे ४ अंश फिरतो. बहुतेक गाड्यांना मुळात जेवढा कॅस्टर असतो, त्याचा मोठा भाग यात संपतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, ट्रकच्या मागून जाताना गाडी रस्ता सोडायला बघते. यावर अलाइनमेंटवाल्याकडे उपाय नाही. या ॲक्सलवर तो टो सोडून काहीच बदलू शकत नाही.

उपाय तीन. ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले) साधारण २ ते ३ अंश परत आणतात, त्यामुळे ५० मिमीच्या आतल्या लिफ्टला ते पुरतात. त्याहून जास्त उंचीला आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट किंवा मुळातच कोन बदललेले आर्म लागतात. ऑफसेट बुश बसवताना त्यावरची खूण आर्मच्या रेषेशी जुळवणं महत्त्वाचं आहे. बुश उलटा बसला तर कॅस्टर परत येण्याऐवजी आणखी तेवढाच जातो, आणि एका बाजूला सुलट, दुसऱ्या बाजूला उलट बसला तर आर्म सतत एकमेकांविरुद्ध पिळत राहतात. बुश हायड्रॉलिक प्रेसवर दाबा. घणाने ठोकलेल्या बुशची बाहेरची नळी चेपते आणि वर्षाच्या आत ती सैल होते. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकले जातात, पण या रचनेत एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की सगळी पिळवट बुशलाच सोसावी लागते. कडक बुश पिळला नाही तर तो भार आर्मच्या बोल्टवर आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. दगडांतून चालणाऱ्या गाडीला रबरच बरं.

इथे एक पेच आहे, आणि तो ग्राहकाला समजावून सांगितलाच पाहिजे. कॅस्टर परत आणायला ॲक्सल मागे फिरवला की पुढच्या डिफचा पिनियन खाली झुकतो आणि ट्रान्स्फर केसपासून तोंड फिरवतो. मग पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे शाफ्ट कोनात जोडणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो. स्टिअरिंग हवं की शाफ्ट, अशी ही ओढाताण आहे. लिफ्ट जितकी जास्त, तितकी ती तीव्र. ५० मिमीपर्यंत दोन्ही सांभाळता येतात. पुढे गेलात तर नवीन शाफ्टचा खर्च आधीच सांगून ठेवा.

क्रॉसच्या कोनाचं एवढं का? एका क्रॉसने जोडलेला शाफ्ट कोनात फिरला की त्याचा वेग एका फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन ३ अंश असेल तर हा फरक सव्वा हजारांश ते दीड हजारांश इतका किरकोळ असतो. १० अंशाला तो दीड टक्का होतो, १५ अंशाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने हा चढउतार पुसून टाकायचा असतो, पण ते दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच. जिम्नीच्या मागच्या ॲक्सलवर नेमकं हेच मोडतं. तिथे आर्म ॲक्सलच्या पुढून येतात, त्यामुळे गाडी उचलली की पिनियन वर बघू लागतो. शाफ्ट ६०० मिमीचा धरला तर ५० मिमी लिफ्टने त्याचा उतार पावणेपाच अंशांनी वाढतो. पिनियन ४ अंश वर फिरल्यामुळे खालच्या क्रॉसचा कोन एका अंशानेही बदलत नाही, पण ट्रान्स्फर केसकडच्या क्रॉसवर पूर्ण पावणेपाच अंशांची वाढ पडते. एका टोकाचा चढउतार दुसरं टोक पुसत नाही, आणि भणभण सुरू होते. दोन फ्लँजच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक राहू देऊ नका.

ही भणभण टायरच्या थरथरीपासून वेगळी ओळखता येते. २५५/६५ आर १८ चा टायर ताशी ७० किलोमीटरला सेकंदात साधारण ८ फेऱ्या करतो. टायरचा तोल गेलेला असेल तर हाताला मोजता येईल असा जड हिसका बसतो. डिफचा रेशो ४ धरला तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदात ३२ फेऱ्या करतो आणि क्रॉसच्या कोनाचा धक्का त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ६० हून जास्त वेळा येतो. तो हिसक्यासारखा जाणवत नाही, फरशीतून आणि सीटमधून गुणगुण येते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती बदलली तर संशय पक्का. कच्च्या सरळ रस्त्यावर २एचमध्ये (दोनच चाकांना ताकद) गुणगुण नाही आणि ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद) आहे, तर पुढचा शाफ्ट बघा. आणि शाफ्ट खोलण्याआधी स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याच्या) दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. त्यातली दातेरी स्प्लाइन एका दाताने जरी फिरून बसली तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही अचूक कोन ठेवले तरी गाडी थरथरते. चाकं पूर्ण लोंबत असताना ती स्प्लाइन किती आत उरते, हेही मोजा. निदान शाफ्टच्या व्यासाएवढी तरी उरायला हवी.

पॅनहार्ड रॉड हा विषय बहुतेक ठिकाणी विसरलाच जातो. ही रॉड ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, पण ती स्वतः कमानीत फिरते. ८०० मिमीची रॉड मुळात ५० मिमी उतरती असेल आणि गाडी आणखी ७५ मिमी उचलली, तर ॲक्सल ८ मिमी एका बाजूला ओढला जातो. तपासायला मशीन लागत नाही. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा; फरकाच्या निम्म्याने ॲक्सल सरकलेला असतो. कमी-जास्त करता येणारी रॉड बसवा आणि ती गाडी चाकांवर उभी असतानाच जुळवा. पुढच्या ॲक्सलवर मात्र एक सावधगिरी हवी. तिथे पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (वळण चाकांकडे नेणारी दांडी) समांतर असायला हव्यात. फक्त एकीचं टोक वर-खाली केलं, तर खड्ड्यात चाक गेल्यावर दोघी वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. एक ब्रॅकेट हलवलं की दुसऱ्या रॉडचीही भरपाई करायची, हा नियम मोडू नका.

स्टिअरिंगचं चाक वाकडं राहिलं तर ते काढून सरळ बसवू नका. ड्रॅग लिंक फिरवून सरळ करा आणि मग स्कॅनरवर स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करा. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चाकं सरळ असताना सेन्सर वळण दाखवत असेल, तर ती यंत्रणा सरळ रस्त्यावरही गोंधळते. पुढची चाकं अचानक जोरात हलू लागली तर स्टिअरिंग डॅम्पर (हिसके शोषणारा शॉकअप) हा उपाय नाही. तो दोष झाकतो. किंगपिनच्या (चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीच्या) बेअरिंगचा सैलपणा, पॅनहार्डचे बुश आणि टाय रॉडची टोकं आधी हाताने हलवून बघा.

थारचा मामला वेगळा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला स्वतंत्र वरचा आणि खालचा आर्म) आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचा सलग मल्टिलिंक ॲक्सल आहे. मागे पॅनहार्ड आणि पिनियनचे वर लिहिलेले नियम लागू होतात. पुढे मात्र स्पेसरची (उंची वाढवायला घातलेल्या ठोकळ्याची) जाडी आणि मिळणारी उंची सारखी नसते. शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून आत बसलेला असतो. तो आर्मच्या ६० टक्के अंतरावर असेल तर २० मिमीच्या स्पेसरने चाकाशी ३३ मिमी उंची मिळते. हे माहीत नसल्यामुळे ‘दोन इंच’ म्हणून ५० मिमीचा नायलॉनचा ठोकळा लेथवर वळवून बसवला जातो आणि गाडी तीन इंचांच्या वर जाते.

स्पेसर कुठे बसतो, यावर बिघाड ठरतो. शॉकअपच्या माथ्यावर बसवला तर शॉकअप तेवढा खाली सरकतो. चाक हवेत सुटलं की मूळ मर्यादेच्या खाली लोंबतं. मग वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जातो, आर्म स्प्रिंगला घासतो, ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो आणि त्यावरच्या रबरी बूटच्या, म्हणजे आवरणाच्या, घड्या एकमेकांवर घासून फाटतात. फाटलेल्या बुटातून ग्रीस गेलं आणि ओढ्यातली वाळू आत शिरली की जॉइंट फार काळ टिकत नाही. उलट बाजूने, चाक पूर्ण वर दाबलं गेलं की बंप स्टॉपला (चाक फार वर येऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकायच्या आधी शॉकअपच तळाला आपटू शकतो. स्पेसर स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसवला तर शॉकअपची लांबी तीच राहते, पण गाडी उभी असतानाच तो जवळजवळ पूर्ण उघडलेला असतो. खाली लोंबायला जागा उरत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्याला ठक होतं. ही ठकठक ऐकून बुश बदलत बसू नका. गाडी स्टँडवर घ्या, चाक पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा आणि चाक हाताने फिरवा. वरच्या आर्मचं स्प्रिंगपासूनचं अंतर, बुटाच्या घड्या, बॉल जॉइंटची दिशा: पाच मिनिटांत सगळं दिसतं, आणि ते कागदावर लिहा. कॅस्टर-कॅम्बर जुळवायची सोय संपली तर कोन बदललेले वरचे आर्म लागतील. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या कांबेच्या) लिंक लांब केल्या नाहीत तर बार तिरका ओढला जाऊन आर्मला किंवा टाय रॉडला लागतो.

जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळणारी पोलादी कांब) आहे. तिथे बारच्या टोकाचा कान बोल्टने पिळून गाडी उचलणं ही अर्ध्या तासाची करामत आहे, आणि तिच्यात नवा पार्टही लागत नाही. पण बार कडक होत नाही, फक्त वर-खाली होण्यातली खालची जागा खाल्ली जाते. २०-२५ मिमीच्या पुढे जाऊ नका.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्या, म्हणजे जिप्सी, जुन्या जीप, जुन्या थारची मागची बाजू. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीशी जोडणारा हलता दुवा) बसवला तर त्याच्या वाढीच्या निम्मी उंची मिळते: ५० मिमी लांब शॅकल, २५ मिमी उंची. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर त्याने कॅस्टर कमी होतो. मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो पण पिनियन खाली जातो. भरपाईसाठी पाचरी वापरायच्या असतील तर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमच्या तडकतात. पाचरीचं जाड टोक पुढे की मागे, हे अंदाजाने ठरवू नका. आधी कोन मोजा. पुढच्या ॲक्सलवर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा कधीच घालू नका. ब्रेक मारताना ॲक्सल गोल फिरायला बघतो, आणि ठोकळा त्याला आणखी तरफ देतो. मागेही एकावर एक दोन ठोकळे नकोत. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवे हवेत, कारण एकदा ताणलेले आटे पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या खाचेत पूर्ण बसलंय ना, हे यू-बोल्ट आवळण्याआधी बोटाने तपासा. बसलं नसेल तर पहिल्या मोठ्या धक्क्याला ॲक्सल मागे सरकतो. चारही नट आलटून-पालटून आवळा आणि १०० व ५०० किलोमीटरला पुन्हा आवळा.

बोल्ट आवळण्याबद्दल एक गोष्ट सगळ्या गाड्यांना लागू आहे, आणि लिफ्टच्या कामातली सर्वांत जास्त घडणारी चूक तीच आहे. आर्मच्या बुशमध्ये रबर दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. गाडी उचलण्याच्या यंत्रावर आणि चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या स्थितीत कायम होतो. गाडी खाली उतरताच तो पिळलेला राहतो, रस्त्यावरचा प्रत्येक धक्का त्याला आणखी पिळतो, आणि काही हजार किलोमीटरमध्ये रबर फाटतं. शिवाय पिळलेली बुश स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे गाडीची उंची खोटी दिसते आणि पुढे खाली बसते. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबा, मग टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळा. गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर हे सहज होतं. इम्पॅक्ट गनवर शेवटचा टॉर्क सोडू नका.

ब्रेकचा होज हा जिवाचा प्रश्न आहे. ॲक्सल एका बाजूने पूर्ण लोंबत असताना आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळलेलं असताना होज सैल असला पाहिजे. ताणलेला होज एकदम तुटतोच असं नाही. आतून चिरतो, आणि ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या उतारावर पाय दाबल्यावर पेडल खाली जातं. लांब होज बसवा किंवा ब्रॅकेट खाली घ्या. लोखंडी नळी वाकवून लांबी मिळवू नका, होज केबल टायने बांधू नका. एबीएस सेन्सरच्या वायरला हेच लागू. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, त्यांची लिंक लिफ्टनंतर पुन्हा जुळवलीच पाहिजे. चासी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कापतो.

ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी स्वस्त असते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. लिफ्टनंतर ती ताणून निसटते. तापलेला डिफ थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि निसटलेल्या तोंडातून ओढ्याचं पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात. नळी इंजिनच्या खोलीपर्यंत वर न्या.

बंप स्टॉप आणि शॉकअपची लांबी कॅटलॉगवरून ठरवू नका. स्प्रिंग काढा, फक्त शॉकअप आणि चाकं बसवा. एका बाजूचं चाक जॅकने पूर्ण वर ढकला, दुसरं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवा. बंप स्टॉप पूर्ण चेपल्यावरही शॉकअपमध्ये निदान २० मिमी जागा उरली पाहिजे आणि टायर मडगार्डला लागता कामा नये. उरत नसेल तर बंप स्टॉप तेवढा लांब करा. लोंबलेल्या बाजूला स्प्रिंग बैठकीतून सुटत असेल तर शॉकअप जास्त लांब आहे किंवा स्प्रिंगला पकड हवी आहे. या एका चाचणीला दीड-दोन तास जातात. त्याची मजुरी लावा, आम्ही ग्राहक म्हणून ती देऊ.

हेडलाइट. अनेकजण पुढचा उतार घालवायला पुढे जास्त उचलून घेतात. २४५० मिमी व्हीलबेसच्या गाडीचं नाक मागच्यापेक्षा २० मिमी जास्त वर गेलं, तर २५ मीटरवर दिव्याचा झोत २० सेंटिमीटर वर जातो. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. भिंतीसमोर उभी करून झोत खाली आणा, काम दहा मिनिटांचं आहे.

उंचीबरोबर गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जितका लहान तितकी गाडी कलंडायला सोपी. अंतर १५०० मिमी आणि उंची ७०० मिमी असेल तर तो १.०७ येतो, उंची ७४५ झाली तर जेमतेम १.०१. टपावर रॅक, त्यावर सुटं चाक आणि पाण्याचे कॅन चढवणाऱ्याला हे सांगाच.

कायद्याची बाजूही ग्राहकाला आधी कळायला हवी. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘काही होत नाही, सगळे करतात’ असं म्हणून किट विकू नका. कुठला बदल केला, कुठला पार्ट काढला, हे बिलावर लिहा आणि काढलेले मूळ पार्ट ग्राहकाला परत द्या. किट बनवणाऱ्यांनी पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत आपले आर्म आणि ब्रॅकेट तपासून घ्यावेत, आणि तुम्ही विक्रेत्यांनी त्यांच्याकडे तो अहवाल मागावा.

क्लबांच्या आयोजकांनो, या सगळ्यात तुमच्या हाती बरंच आहे. पावसाळी ट्रेलच्या सकाळी गाड्या रांगेत उभ्या असतात, तेव्हा प्रत्येक गाडीला दहा मिनिटं द्या. एक चाक रॅम्पवर किंवा दगडावर चढवा आणि लोंबलेल्या बाजूचा ब्रेक होज बघा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टायर कुठे लागतो ते बघा. यू-बोल्टचे नट, पॅनहार्डची दोन्ही टोकं आणि ब्रीदरची नळी हाताने ओढून बघा. सीव्हीच्या बुटांवर टॉर्च मारा. होज ताणलेला असेल किंवा पुढच्या ॲक्सलवर ठोकळे असतील तर ती गाडी ट्रेलवर घेऊ नका, मालक कितीही जुना सदस्य असला तरी. आणि प्रवेश अर्जासोबत लिफ्टच्या मोजमापाचा कागद मागायला याच हंगामापासून सुरुवात करा. क्लबने कागद मागितला की ग्राहक गॅरेजकडे तो मागेल.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतरची फेरतपासणी मजुरीत धरूनच दर सांगा. नव्या स्प्रिंग त्या काळात ५ ते १० मिमी खाली बसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी जुळवलेली पॅनहार्ड आणि टो पुन्हा बघावी लागते, आणि सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचखालून जाऊन येतात.

आपले,
सह्याद्रीत आणि कोकणात गाड्या चालवणारे, दुरुस्त करणारे काहीजण